खालावलेलीं गांवें व त्यांचा उद्धार
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं गतकाळाचा गौरव करावा ही रीत आहे, आणि तो गौरव इतर वक्त्यांनीं आपणांपुढें यथायोग्य केलाही आहे. आमच्याकडे सोंपविलेला विषय निराळा आहे. खालावलेलीं खेडीं पुन्हां उभीं कशीं राहतात, आणि त्या कामीं स्थानिक कारभार व समाज यांनीं परस्परांस हात कसा द्यावा, यासंबंधीं चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली. घोडबंदरच्या मंडळींस हा विषय कशाला, असें कोणी मनांत म्हणेल. येथें खेडें उरलेंच आहे कोठें? हा प्रश्न रास्त आहे व शेवटीं आम्हांस त्याच प्रश्नापाशीं यावयाचें आहे. परंतु आधीं थोडें दूर जाऊन येऊं.

गांव दोन प्रकारांनीं नाहींसें होतें. एक, ओसाड पडून: पाऊस हटतो, विहिरी आटतात, तरुण माणूस पोटामागें शहरांत जातो, आणि घरांत म्हातारीं माणसें व दारावर कुलूप राहतें. दुसरा प्रकार याच्या अगदीं उलट. शहरच गांवावर चालून येतें. माणसें शतपट होतात, पण जीं चार माणसें पारावर बसून गांवाविषयीं बोलत तीं बोलेनाशीं होतात, कारण त्यांच्या बोलण्यास आतां कोणी विचारीत नाहीं. पहिल्या दुखण्यावर महाराष्ट्रांत औषध सांपडलें आहे. दुसऱ्यावर अद्यापि सांपडावयाचें आहे.

पहिल्या प्रकारचें उदाहरण नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवाचें. त्या भागांत वर्षाकांठीं पाऊस चारशें मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या कोंकणपट्टीच्या मानानें नांवापुरताच. १९७२ च्या दुष्काळानें गांव खचलें. डोंगरावरचीं झाडें तोडून झालीं, माती वाहून गेली, दारूचे गुत्ते वाढले, आणि ज्यांच्या अंगांत कांहीं बळ होतें ते मजुरीसाठीं बाहेर पडले. १९८९ सालीं गांवानें पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणास सरपंच केलें, तेंही बिनविरोध. ही बिनविरोध निवड आम्हांस फार महत्त्वाची वाटते. तंटे मिटले म्हणून एकमत झालें असें नसावें. तंट्यांचा कंटाळा आला म्हणून झालें असावें. तेंही चालतें.

पुढें जें झालें तें वर्तमानपत्रांतून आपण वाचलें असेल. डोंगरउतारावर समपातळीचे चर खणले, ओढ्यावर बांध घातले, पावसाचें धांवतें पाणी चालतें केलें व चालतें पाणी थांबविलें. पैसा सरकारी रोजगार हमी योजनेचा, आणि १९९४ पासून आदर्श गांव योजनेचा. म्हणजे सरकारनें हिवरे बाजारास असें कांहीं दिलें नाहीं जें तें इतर गांवांस देत नव्हतें. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी व कुटुंबनियोजन अशी नियमांची पंचसूत्री गांवानें स्वीकारली. (यांतील शेवटचा नियम, ज्या स्वरूपांत तो तेथें अंगीकारला गेला, आपल्या धर्ममतास मान्य होण्यासारखा नाहीं, हें आम्ही जाणून आहों. परंतु उरलेले चार घ्यावयास त्यामुळें हरकत पडत नाहीं.)

तथापि चर व बांध हें अर्धेंच काम. पाणी अडविणारीं गांवें महाराष्ट्रांत पुष्कळ झालीं, व अडविलेलें पाणी दहा वर्षांत उपसून पुन्हां टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलींही पुष्कळ झालीं. हिवरे बाजारचें वेगळेपण पाणी अडविल्यानंतरच्या वागणुकींत आहे. शेतीसाठीं कूपनलिका खणावयाची नाहीं, व ऊस लावावयाचा नाहीं, असें गांवानें ठरविलें. याचें मर्म साधें आहे. उघडी विहीर वरच्या थरांतलें पाणी घेते. शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी व आपलें पाणी जवळजवळ एकच असतें, आणि तें किती आहे हें वांकून पाहिलें कीं डोळ्यांस दिसतें. खोल कूपनलिका मात्र एकट्याच्या पैशानें सगळ्यांचें पाणी ओढते, आणि तें संपेपर्यंत कोणास कळत नाहीं. म्हणून तेथें दरवर्षीं पावसाचें माप घेतात, विहिरींची पातळी मोजतात, व ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधीं माणसांचें पिणें, मग जनावरांचें, आणि उरेल त्यावरून रब्बीला कोणतें पीक किती घ्यावें तें ठरतें. पाऊस कमी झाला त्या वर्षीं गहूं कमी. हा निर्णय कलेक्टरसाहेबांचा नव्हे, गांवकऱ्यांचाच आहे. आणि ज्याच्या शेतांत गहूं व्हावयाचा राहिला तोही त्या सभेंत बसलेला असतो.

१९९५ सालच्या पाहणींत तेथील १८२ कुटुंबांपैकीं १६८ दारिद्र्यरेषेखालीं होतीं. २०१० पर्यंत तीं तीनांवर आलीं. शहरांत गेलेलीं कुटुंबें परत आलीं. सरपंचांस २०२० सालीं पद्मश्री मिळाली, व ती योग्यच झाली. मात्र एका पुरुषाची मूर्ति करून तिला हार घालण्याची आपल्या लोकांस मोठी हौस. आम्ही तर म्हणूं कीं, ज्या शेतकऱ्यानें पैसा असूनही कूपनलिका खणली नाहीं त्याचाही एखादा सत्कार व्हावा.

आतां आपल्याला जवळचें वाटेल असें दुसरें नांव सांगतों. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरु १९४८ सालीं या देशीं आले व नगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागांत दीर्घकाळ राहिले. हाच जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. आरंभीं त्यांनींही, जसें सर्वच मिशनरी करीत, विहिरी खणून दिल्या, पंप दिले. परंतु विहिरी वाढल्या तसतसें भूमींतील पाणी खालीं जाऊं लागलें. तेव्हां विहिरीच्याही आधीं डोंगराकडे पाहिलें पाहिजे, माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळें पाणलोट क्षेत्र एक धरलें पाहिजे, हा विचार त्यांनीं धरला. त्यांच्या पुढाकारानें जर्मन सरकारचें साह्य व नाबार्ड यांच्या द्वारें पाणलोट विकासाचा इंडो-जर्मन कार्यक्रम उभा राहिला, आणि १९९३ सालीं फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनीं ‘वॉटर’ ही संस्था स्थापिली. फादर बाखर २०२१ सालीं निवर्तले.

या कार्यक्रमाची एक अट ऐकण्यासारखी आहे. पैसे देण्यापूर्वीं गांवाची कसोटी घेतली जाई. ग्रामसभेनें चराईबंदी व कुऱ्हाडबंदी मान्य करावी, आपली पाणलोट समिति स्वतः नेमावी, आणि मजुरीच्या कांहीं भागाचें काम श्रमदानानें करावें. आधीं लहानशा तुकड्यावर करून दाखवावें, मग मोठें काम. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडी हें या पद्धतीचें प्रसिद्ध गांव. जेथें उन्हाळा आला कीं टँकर लागे, तेथें काम पुरें झाल्यावर विहिरींस पाणी राहूं लागलें. परोपकाराच्या कामांत पैसा सहसा आधीं येतो, आणि समाज त्याच्यामागें गोळा होतो. येथें क्रम उलटा ठेविला होता.

गडचिरोलीकडील मेंढा-लेखा या गोंड गांवाविषयीं एकच गोष्ट सांगून पुढें जाऊं. त्या गांवास २००९ सालीं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, सुमारें अठराशें हेक्टरांवर. तेथील ग्रामसभा बहुमतानें निर्णय घेत नाहीं, सर्वसंमतीनें घेते. आणि सभेहून निराळा असा एक अभ्यासगट आहे, जो निर्णय घेतच नाहीं, केवळ माहिती गोळा करतो, वाचतो, चर्चा करतो. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामांतला हा भाग आम्हांस सर्वांत शिकण्याजोगा वाटतो. आपल्या सभांतून मतें पुष्कळ पडतात. अभ्यास कोण करतो?

पूर्वजांचाही दाखला दूरचा नाहीं. खाडीपलीकडे वसईस १९१८ सालीं मोनसिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें कॅथॉलिक मंडळींनीं सहकारी पतसंस्था काढली. गरीब माणसांचे थोडे थोडे पैसे एकत्र करून त्यांच्यांतल्याच अडलेल्यास द्यावे, एवढाच व्यवहार. तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. पुढें त्याच वसईंत १९८८ च्या सुमारास शेती व विहिरी वांचविण्यासाठीं हरित वसईची चळवळ उठली, व फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागीं राहिले. २०२० सालच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें हें सर्वांस ठाऊक आहे. २०२४ सालीं ते वारल्यावर साहित्यिक म्हणून त्यांचें स्मरण झालें. पण पाण्याच्या टँकरविरुद्ध रस्त्यावर उभा राहिलेला धर्मगुरु हेंही त्यांचें रूप होतें.

आतां घोडबंदराकडे वळूं. पोर्तुगीजांच्या अमदानींतील किल्ला, घोड्यांच्या व्यापारावरून पडलेलें म्हणून सांगितलें जाणारें नांव, १७३७ सालीं मराठ्यांनीं किल्ला घेतला, १८१८ सालीं तो इंग्रजांकडे गेला, हा इतिहास येथील मुलांसही पाठ आहे. किल्ल्याची डागडुजी अलीकडे महानगरपालिकेनें हातीं घेतली, ही आनंदाची गोष्ट. आमचें बोलणें मात्र दगडी भिंतींविषयीं नाहीं. १९८५ सालीं या बाजूच्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, १९९० सालीं उत्तनकडील पंचायती तिच्यांत आल्या, आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजीं महानगरपालिका झाली. २०११ च्या गणनेंत शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ भरली.

या फेरफारांत रस्ते आले, दिवे आले, नळ आले. तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण एक गोष्ट गेली, आणि ती गेल्याचें आम्हांपैकीं बहुतेकांस कळलेंही नाहीं. ग्रामपंचायतीच्या कायद्यानें गांवांतील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. तो उठून जमाखर्च विचारूं शकतो, सरपंचास समोर बसवून उत्तर मागूं शकतो. शहरांत मतदार नगरसेवक निवडतो, आणि मग पांच वर्षें त्याची गांठ पडेल तेव्हां पडेल. ऑगस्ट २०२२ मध्यें महानगरपालिकेची मुदत संपली, तेव्हां तर पुढें कित्येक वर्षें निवडून दिलेली सभाही नव्हती. प्रशासकाच्या सहीनें सर्व कारभार चालला. आम्ही त्या अधिकाऱ्यांस दोष देत नाहीं. परंतु हिवरे बाजारच्या शेतकऱ्यास जें विचारतां येतें तें घोडबंदरच्या नागरिकास कोणापाशीं विचारतां यावें? वसईच्या गांवांनीं २००९ सालीं महानगरपालिकेंत जाण्यास जो विरोध केला, त्याच्या मुळाशीं हीच भीति होती, आणि ती केवळ घरपट्टीची भीति नव्हती.

उपाय अगदींच नाहीं असें नाहीं. राज्याच्या नागरी कायद्यांत २००९ सालीं क्षेत्रसभेची तरतूद झाली आहे: लहानशा भागांतील मतदारांनीं एकत्र बसून आपल्या भागाचीं कामें सुचवावीं. ही तरतूद कागदावरून फारशी खालीं उतरलेली नाहीं. ती उतरविण्यासाठीं अर्ज करीत राहिलें पाहिजे, आणि अर्ज एकट्या कॅथॉलिकांचा असूं नये. आगरी, कोळी, डोंगराकडील पाड्यांतले आदिवासी, व नव्या इमारतींत राहावयास आलेलीं कुटुंबें, या सर्वांच्या सह्या त्यावर असाव्या. नव्या लोकांस परके म्हणण्यांत कांहीं राम नाहीं. पाणी त्यांसही हवेंच आहे.

पाण्याचेंच पाहा. या शहरास कांहीं पाणी शहाड-टेमघरच्या योजनेंतून येतें, म्हणजे उल्हास नदीचें येतें. तीच उल्हास पुढें खारी होऊन आपल्या किल्ल्याखालून समुद्रास मिळते. वरचें गोड पाणी आपण पैसे मोजून आणतों, आणि दारच्या जुन्या विहिरींत कचरा टाकतों. कोणती विहीर अजून जिवंत आहे, कोणती बुजली, उन्हाळ्यांत कोणत्या विहिरीचें पाणी किती हात खालीं जातें, डोंगरावरून येणारे ओहोळ कोठें बुजविले, खारफुटी कोठपर्यंत आहे, याची एक सबंध यादी आपल्यापैकीं कोणापाशीं आहे काय? हिवरे बाजारनें पाणी मोजलें, मग पीक ठरविलें. अधिकार नसलेल्या समाजासही मोजतां येतें. त्याला कोणाची परवानगी लागत नाहीं.

यास्तव महोत्सव समितीपुढें आम्ही एकच सूचना ठेवितों. मेंढा-लेखाप्रमाणें एक लहानसा अभ्यासगट नेमावा, आठदहा माणसांचा. निम्मीं तरी तरुण असावीं, स्त्रिया असाव्या, व इतर धर्मांचे शेजारीही असावे. पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर अशा दोन वेळां त्यांनीं प्रत्येक विहिरीवर जाऊन दोरीनें पाण्याचें माप घ्यावें व तें वहींत लिहावें. म्हाताऱ्या माणसांस विचारून बुजलेल्या विहिरींच्याही जागा नकाशावर मांडाव्या. हें काम यंदाच व्हावें, कारण त्या जागा ठाऊक असणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. वही व दोरी यांचा खर्च आम्ही देऊं. पहिलें माप येत्या मे महिन्यांत घ्यावें, आणि नकाशा पुरा झाला कीं त्याची एक प्रत प्रभाग कार्यालयांत नेऊन तिची पोंच घेऊन येण्याचें काम आम्ही आपल्याकडे घेतों.