अर्ध्या फेऱ्याचा मोह



माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात गेली. नदीकाठची जॅकवेल, तिथले तीन मोठे पंप आणि मी त्यांचा फिटर. पंपाचा आवाज जरा बदलला तरी झोपेतून जाग यायची. निवृत्तीनंतर मुलीकडे न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला गेलो होतो. तिथे शेजाऱ्याच्या अंगणात एक पंप सुटा करून ठेवलेला दिसला आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले.

तो पंप जेट बोटीचा होता. या बोटीला खाली पंखा नसतो. तळाला जाळी लावलेलं एक तोंड असतं, तिथून पाणी आत ओढलं जातं. इंजिनावर फिरणारा इम्पेलर ते पाणी मागच्या तोटीतून जोरात फेकतो आणि त्या धक्क्याने बोट पुढे जाते. तळाखाली काही लोंबत नसल्यामुळे वेगात असताना बोटीला अगदी उथळ पाणीही पुरतं. तिथल्या नद्या डोंगरातून येतात, गोट्यांच्या रुंद पात्रात पाच-पन्नास धारांनी वाहतात. त्यांच्यासाठीच बिल हॅमिल्टन या मेंढपाळ-इंजिनिअरने १९५० च्या दशकात आयरिशमन क्रीक इथल्या आपल्या शेतावर ही बोट घडवली. १९७७ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी गंगासागरपासून गंगेच्या उलट्या प्रवाहात निघाले, ते अशाच बोटींतून. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांना अडवलं. तेव्हा मी नोकरीत नवा होतो, पेपरात ते वाचल्याचं आठवतं.

शेजाऱ्याच्या पंपाने वायमाकारिरी नदीतली वाळू आणि खडे बरीच वर्षं गिळले होते. इम्पेलरच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या. त्याच्याभोवतीचं कडं झिजून फट वाढली होती. फट वाढली की पाणी आतल्या आत मागे फिरतं, इंजिन ओरडतं पण बोट पळत नाही. कारखान्यातून पंप नवा होऊन आला होता. आता तो बोटीत बसवायचा होता. त्याने विचारलं, हात लावता का? मी तर वाटच पाहत होतो.

आमच्या जॅकवेलमध्ये ग्लँडच्या दोरीतून थेंब थेंब पाणी गळायलाच हवं असायचं. त्यानेच दोरी आणि शाफ्ट थंड राहतात. फार आवळलं की शाफ्ट खाल्ला जातो. पण तिथे गळलेलं पाणी गटारात जायचं. बोटीतलं पाणी जातं कुठे? बोटीतच! शिवाय या पंपात दोरी नव्हती. कार्बनची एक चकती आणि सिरॅमिकची दुसरी, स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर घासत फिरणारी. त्यांच्या तोंडाला बोटाचं तेल किंवा वाळूचा कण लागता कामा नये. आणि पाण्याशिवाय इंजिन चालवलं, तर हे सील क्षणात तापून खराब होतं. म्हणून पंप बसवल्यावर आवाज ऐकायचा मोह अंगणात आवरायचा.

खरं काम होतं पंपाची बैठक बोटीच्या तळाशी जोडण्याचं. इथे चूक झाली तर दोन बाजूंनी त्रास. बोट उभी असताना फटीतून पाणी आत येतं आणि पळताना पंप त्याच फटीतून हवा ओढतो. पाणी आलेलं दिसतं तरी. हवा दिसत नाही, फक्त बोटीचा जोर जातो, तोही नेमका धारेच्या मध्यावर.

जुनं सीलंट आम्ही लाकडी पट्टीने खरवडलं. ॲल्युमिनियमवर पटाशी चालवली तर चरे पडतात आणि पाणी तीच वाट धरतं. पुढची बाजू त्याने साफ केली, मागची मी. आधी पंप कोरडाच बसवून पाहिला, बोल्टची भोकं जुळवली. मग सीलंटची अखंड रेघ, प्रत्येक बोल्टच्या भोकाला वळसा घालून. बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. रात्रभर सुकू दिलं आणि सकाळी शेवटचा ताण दिला.

नातू लाइफ जॅकेट घालूनच तयार होता. नदीवरच्या धक्क्यावर ट्रेलर मागे घेऊन बोट पाण्यात टेकवली, पण पट्टा सोडला नाही. इंजिन बंदच. बॅटरी घेऊन तळात वाकलो. सगळं कोरडं. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं, तर मागच्या डाव्या बोल्टाजवळ दोऱ्याएवढी ओल चमकली.

मागची बाजू माझी होती.

हात पान्याकडे गेला. अर्धा फेरा आवळला असता तर ती ओल त्या वेळी थांबली असती, हे मला पक्कं माहीत होतं. शेजारी पलीकडे पट्टा तपासत होता, त्याला कळलंही नसतं. चाळीस वर्षं पंपांवर काढलेल्या माणसाला परक्या मुलखात ‘चुकलो’ म्हणणं सोपं नसतं. पण जोराने दाबून बंद केलेली फट धक्क्यांनी पुन्हा उघडते, हेही त्याच चाळीस वर्षांत शिकलो होतो. आणि त्या बोटीत नातू बसणार होता.

मी पाना खाली ठेवला आणि शेजाऱ्याला हाक मारली. त्याने वाकून पाहिलं, मान हलवली आणि ट्रेलर वर ओढायला लागला. नातवाने विचारलं, ‘‘आजोबा, आज नाही?’’ म्हटलं, ‘‘नाही रे. माझ्याकडून राहिलंय काहीतरी.’’

पंप पुन्हा उतरवला. बोल्टच्या भोकाच्या कडेला जुन्या सीलंटचा मुगाच्या डाळीएवढा कण निघाला. तेवढ्याने बैठक एका बाजूने उचलली गेली होती. या वेळी पुसून झाल्यावर मी डोळे मिटून सगळ्या कडेवरून बोट फिरवलं. मग पुन्हा सीलंट, पुन्हा रात्र.

तिसऱ्या दिवशी पट्टा लावूनच पंधरा मिनिटं थांबलो. मग कमरेएवढ्या पाण्यात इंजिन सुरू केलं, कारण उथळात पंप पहिल्याच घोटाला गोटे ओढतो. पुन्हा तळ पाहिला. शेवटी नातवाला म्हटलं, आता तूच हात घालून बघ.

त्याने तळात हात घातला, बाहेर काढून मला दाखवला. कोरडा होता. मग आम्ही पट्टा सोडला.