काळ्या रानात लाल कोर्ट

(बारामती येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘टेनिसची मैदानं : गवत, माती, सिमेंट’. तिन्हींना सारखा वेळ द्यावा, अशी संयोजकांची अपेक्षा आहे. ते होणार नाही, आधीच सांगतो. मला एकच गोष्ट मांडायची आहे. बारामती-इंदापूरच्या पोरांनी टेनिस मातीवर शिकावं, आणि ते कोर्ट आपल्याच भागातल्या मालातून उभं राहावं.

विंबल्डन गवतावर, पॅरिस मातीवर, मेलबर्न-न्यूयॉर्क हार्ड कोर्टवर, हे तुम्ही टीव्हीवर बघता. त्यात शिरत नाही. १९७४ पर्यंत चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा गवतावर होत, एवढं ध्यानात ठेवा. गवतावर चेंडू खालून सरपटत येतो. मातीवर तो अडतो, उंच उसळतो, समोरच्याला क्षणभर जास्त मिळतो. हार्ड कोर्ट या दोहोंच्या मध्ये.

मैदानानं केवढा फरक पडतो? २ मे २००७ चा एक सामना सांगतो. स्पेनमधल्या मायोर्का बेटावर एक कोर्ट बांधलं, जाळीच्या एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला लाल माती. खेळणार फेडरर आणि नदाल. तेव्हा फेडरर गवतावर सलग ४८ सामने जिंकलेला, नदाल मातीवर ७२. तयारीला १९ दिवस लागले, खर्च सोळा लाख डॉलरच्या वर. आणि ऐनवेळी गवताला कीड लागली! (हशा) हसू नका, ज्यांच्या उसाला हुमणी लागलीय त्यांना विचारा. शेवटी जवळच्या गोल्फच्या मैदानावरून हिरवळ आणून अंथरली. बाजू बदलली की दोघंही बूट बदलायचे. नदाल जिंकला, ७-५, ४-६, ७-६, आणि शेवटचा टायब्रेक १२-१० पर्यंत ताणला गेला. माणसं तीच, रॅकेटी त्याच, पण पायाखालचं बदललं की पावलं कशी टाकायची इथपासून विचार करावा लागला.

आपल्याला याचा फटका बसलाय. पाहुण्या संघाला गवतावर खेळायला लावायचं, ही डेव्हिस चषकातली आपली जुनी चाल. १९८७ मध्ये आपण ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच सिडनीत, गवतावर हरवून अंतिम फेरी गाठली. अंतिम सामना स्वीडनमध्ये, गोटेनबर्गला. त्यांनी छपराखाली मातीचं कोर्ट घातलं. आपल्याकडे विजय अमृतराज, रमेश कृष्णन. पण निकाल ५-०. तो आकडा मला अजून सलतो.

आता आपल्या रानाकडे येतो. नीरेच्या डाव्या कालव्याखालची काळी तुम्हाला मी काय सांगू? पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता सिमेंटचा थर ओतला, तर खालची जमीन तो उचलते आणि फोडते. म्हणून काळी खणून काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा. मातीच्या कोर्टालाही एवढं करावंच लागतं, ते मी लपवत नाही. पण त्याला चीर गेली तर दाताळं फिरवून, नवा थर टाकून शाळेचा शिपाईसुद्धा ते सावरतो. सिमेंट फुटलं की ठेकेदार शोधा.

आणि पॅरिसची ती सुप्रसिद्ध माती म्हणजे काय? विटेचा चुरा, आपली सुरखी! वर जेमतेम दोन मिलिमीटर. त्याखाली चुनखडीचा चुरा, मग जळालेल्या कोळशाचा चुरा, मग खडी. सांगतात की रेन्शॉ बंधू या इंग्रज टेनिसपटूंनी १८८० च्या सुमारास फ्रान्समधल्या कान शहरात हे सुरू केलं. उन्हानं गवत करपायचं म्हणून त्यावर फुटक्या कुंड्यांचा चुरा पसरला. उन्हावरचा तोडगा आहे तो. ऊन आपल्याकडे कमी आहे का? वीटभट्ट्या कमी आहेत का? (टाळ्या)

(सभागृहातून : “पाणी कुठनं आणायचं?”)

विचारा, विचारलंच पाहिजे. जिरायती गावांत, कालव्याच्या शेपटाला टँकरची वाट बघणाऱ्यांपुढे मी हे बोलतोय. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयानं आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, ते योग्यच झालं. पण हिशेब करा. कोर्ट मोकळ्या जागेसकट १२० फूट बाय ६० फूट, म्हणजे सात गुंठ्यांच्या आत. त्यावर दोन मिलिमीटर पाणी शिंपडलं तर तेराशे-साडेतेराशे लिटर. ते पिण्याचं नको. वसतिगृहातलं आंघोळीचं पाणी गाळून चालतं. टंचाईत कोर्ट बंद ठेवा, माझी तक्रार नाही. पण पाण्याचं नाव पुढे करून पोरांचे गुडघे सिमेंटवर झिजवू नका. मातीवर पाय घसरत थांबतो, धक्का जिरतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. मग पुण्यातल्या बालेवाडीचं राहू द्या. तिथं २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपन झाली ती हार्ड कोर्टवर, आणि मोठं होऊन त्यावरही खेळावंच लागतं. ऋतुजा भोसलेंनी बोपण्णांसोबत हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं तेही हार्ड कोर्टवरच. मी म्हणतो सुरुवात मातीवर व्हावी.

पावसाचंही सांगून टाकतो. कोकणात मातीचं कोर्ट चार महिने चिखल होईल. आपण पर्जन्यछायेतले. आपल्याकडे पाऊस थोड्या दिवसांत पडून जातो, निचरा नीट काढला की बाकीचे दिवस खेळायला मोकळे. ज्या शाळेकडे सात गुंठे जागा आहे, तिथल्या शिक्षकांनी मंचाजवळ थांबावं. थरांचा नकाशा काढून आणलाय, झेरॉक्सही आहेत.