नारळीकरांचं कपाट

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा दाखल झाली. लेखक होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला की हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरं उलटी फिरवलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रतही पत्नी मंगलाताईंनी लिहून काढलेली. नावाचं वजन पडू नये, एवढाच हेतू.

त्यांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉयलही ‘द ब्लॅक क्लाउड’सारखी कादंबरी लिहिणारे. तेव्हा शास्त्रज्ञाने गोष्ट लिहिणं यात नारळीकरांना वावगं वाटलं नसणार.

नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी हातात घ्या. उत्खननात एक पेटी सापडते, तिच्यातल्या ज्ञानावरून यंत्रमानव घडतो आणि पुढे पानागणिक धाकधूक वाढत जाते. ‘व्हायरस’ या कादंबरीत संकट येतं ते संगणकांवर. रहस्य ताणून धरण्याची हातोटी दोन्हीकडे दिसते. पात्रं मात्र कधीकधी व्याख्यान दिल्यासारखी बोलतात, हे मान्य करायला हवं.

‘आकाशाशी जडले नाते’ हे खगोलशास्त्राचं पुस्तक अगदी वेगळं. तिथे चित्रं आहेत, सोपी मराठी आहे, आणि गणिताचा बाऊ नाही. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नवख्या वाचकाने सुरुवात मात्र ‘यक्षांची देणगी’ या कथासंग्रहापासून करावी.