बाई, किती लिहिलंय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



‘संगणक, मोबाईल आणि आपण’ हा विषय चिटणीस बाईंनी मला दिला, तेव्हा मी त्यांना म्हटले, अहो, यासाठी एखादी तरुण, शिकलेली मुलगी बोलवा. माझा या यंत्रांशी संबंध आला तो भांडणाचाच. त्यावर त्या म्हणाल्या, “मग ते भांडणच सांगा!” तेव्हा तेच सांगते.

१९७८ साली मी बँकेत कारकून म्हणून लागले. पुढे बँकांत संगणक येणार अशी बोलवा उठली, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि आम्हा नोकरवर्गात मोठी खळबळ माजली. दहा माणसांचे काम एकटा करू लागला, तर उरलेल्या नऊंनी जायचे कोठे? मीही काळी फीत लावून घोषणा दिल्या. ती भीती अगदीच खोटी होती असे मी आजही म्हणणार नाही. परंतु तिच्या आड आणखी एक भीती दडलेली होती. आपल्याला हे जमले नाही, तर काल लागलेली पोरे आपल्याला हसतील! ही काही फलकावर लिहिता येत नव्हती.

यंत्र आले. सहामाहीची खतावणी जुळेना म्हणून तीन रुपयांच्या फरकापायी मी रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बसलेली आहे. घरी मुले शेजारणीकडे जेवून तिथेच झोपलेली असत. ते जुळवणे यंत्राकडे गेले आणि मी दिवेलागणीला घरी पोहोचू लागले. काळी फीत मात्र अजून कपाटात आहे. टाकवत नाही.

असो. २०१४ साली मी निवृत्त झाले. २०१९ साली आमच्या घरातले कर्ते माणूस गेले, आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. मुलगा पुण्याला. त्याने मोबाईल घेऊन दिला होता, पण विजेचे बिल, गॅस, औषधे, सारे तो तिकडूनच करी. मला फक्त फोन यायचा, “आई, ओटीपी आला का? सांग.” मी चष्मा लावून सहा आकडे वाचून दाखवायचे. कशाचे, किती, हे विचारीत नसे. एके दिवशी बोलता बोलता शेजारच्या वहिनींनी विचारले, “तुमच्या खात्यात पैसे आहेत तरी किती?” आणि मला सांगता येईना. भगिनींनो, जिला एकेकाळी निम्म्या गावाच्या शिल्लका तोंडपाठ होत्या, तिला!

त्या रात्री मला एक म्हातारी आठवली. नऊवारीतली, दर महिन्याला पेन्शनला यायची, मागे पुतण्या उभा. पैसे काढण्याच्या पावतीवर अंगठा उठवताना तिने एकदा मला हळूच विचारले, “बाई, किती लिहिलंय?” रांग मोठी होती. मी म्हटले, “मावशी, पुतण्याला विचारा ना.” तिने त्याला विचारले नाही. मुकाट्याने अंगठा उठवला.

माझा मुलगा सज्जन आहे. पै न् पैचा हिशेब त्याच्याकडे आहे. पण तो त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. मी शिकायचे म्हटले तेव्हा तो जरा दुखावलाच. “आई, माझ्यावर विश्वास नाही का?” मी त्याला त्या मावशींची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “चष्मा लाव. पहिल्यापासून दाखवतो.”

शिकायला मला तीन महिने लागले. चुका पुष्कळ झाल्या; एकदा दूधवाल्याला पन्नासाऐवजी पाचशे गेले, त्याने बिचाऱ्याने महिनाभर दूध घालून फेडले. पण दोन गोष्टी पक्क्या समजल्या. पैसे आपल्याला यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही. जो टाकायला सांगतो तो लबाड. आणि फोनवरून ‘डिजिटल अटक’ करणारा कुणी पोलीस नसतो. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचे, रडत बसायचे नाही.

हयातीच्या दाखल्याची गंमत सांगते. नोव्हेंबरात यंत्रावर अंगठा ठेवला, तर यंत्र मला ओळखेना! पदराला पुसून तीनदा ठेवला. चाळीस वर्षे भांडी घासून रेषाच झिजलेल्या. मी जिवंत आहे हे तिथे सर्वांना दिसत होते, यंत्राला तेवढे पटत नव्हते. २०२१ पासून चेहरा दाखवूनही हा दाखला मोबाईलवरून देता येतो. आता मी तसाच देते.

ज्यांना हे नकोच आहे त्यांच्यावर सक्ती होऊ नये, आणि बँकेची खिडकी त्यांच्यासाठी उघडी राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्यांना केवळ लाज वाटते, त्यांनी दर बुधवारी साडेतीन वाजता मंडळाच्या मागच्या खोलीत यावे. मी तिथे असते. एकच प्रश्न दहादा विचारला तरी चालेल. येताना चष्मा आणावा आणि फोन चार्ज करून आणावा. त्या खोलीत बटण एकच आहे आणि त्याला पंखा लावलेला असतो.