डोंगरावरची पहिली एकट्याची रात्र

पालघरहून मनोरकडे निघालं, की वाटेत वाघोबाची खिंड लागते. एस. टी.तल्या म्हाताऱ्या माणसांचे हात तिथे आपोआप जोडले जातात. खिंडीच्या अंगानेच काळदुर्गाची वाट वर चढते. गड काही फार उंच नाही, दीड हजार फुटांच्या आसपास. बोईसर-पालघरच्या तरुण पोरांना तो अगदी घरचाच वाटतो. मलाही वाटायचा, आणि म्हणूनच मी तिथे फसलो.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रपाळी संपवून मी घरी आलो, दोन तास डोळे मिटले, आणि "मित्राकडे जातोय" असं आईला सांगून थेट काळदुर्ग गाठला. उतरायला उशीर झाला. संध्याकाळी झाडीत वाट चुकली. पाणी संपलेलं, विजेरी घरी राहिलेली. शेवटी एका खडकाला पाठ टेकून सकाळपर्यंत बसून राहिलो. मला काही झालं नाही. पण घरी पोहोचलो तेव्हा कळलं, की रात्री दहाला आई त्या मित्राच्या दारात उभी होती आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोन घरं रात्रभर जागी होती, आणि मला नेमकं कुठे शोधायचं हे दोन्ही घरांत कुणालाच माहीत नव्हतं. माझी एक रात्र गेली. आईची त्याहून पुष्कळ मोठी गेली.

तेव्हापासून एकट्याने डोंगरावर मुक्काम करायचा म्हटलं, की मी आधी एकच प्रश्न विचारतो. सोबत कुणी असता, तर त्याने काय काय केलं असतं? तो "अरे, ही वाट नव्हे" म्हणाला असता. निम्मं ओझं त्याने उचललं असतं. "उशीर झाला, आता परत फिरू" असं बजावलं असतं. आणि माझा पाय मुरगळला असता तर तो खाली धावला असता. सोबती नाही म्हणून ही चार कामं चुकत नाहीत. ती आधीच कुणाकडे तरी सोपवावी लागतात. पहिल्या मुक्कामाची तयारी म्हणजे मुख्यतः हीच सोपवणूक.

पहिलं काम वाटेचं. जो गड तुम्ही दिवसाउजेडी, जाणत्या माणसाबरोबर चढून-उतरून आलेले नाही, तिथे एकट्याने रात्र काढू नका. आपल्या भागात पहिल्या मुक्कामाला मला अशेरीगड बरा वाटतो. अहमदाबादच्या हमरस्त्यावर मस्तान नाक्याच्या पुढे खोडकोना गाव आहे, तिथून वाट चढते. गड सुमारे सतराशे फूट. वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि आडोशाला गुहाही आहे. पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड अजून तिथे पाहायला मिळतो. चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत या साऱ्या मुलखाबरोबर पोर्तुगीजांच्या हातून हाही गड गेला. आधी एकदा चार जणांबरोबर जाऊन या. त्या फेरीत प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहा. उतरताना वाट तशीच दिसणार असते, चढताना दिसते तशी नाही. पुष्कळ जण चुकतात ते उतरताना, याचं कारण हेच.

दुसरं काम ओझ्याचं. पाणी माणशी चार लिटर धरा. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन चार किलो झालं. टाक्यांतलं पाणी उकळल्यावाचून पिऊ नये, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. भाकरी, सुकी चटणी, गूळ-शेंगदाणे एवढ्यावर एक रात्र उत्तम निघते. चूल पेटवायच्या भानगडीत पडू नका, कारण दिवाळीनंतर गवत वाळतं आणि एका ठिणगीने अख्खी उतरण पेटते. दोन विजेऱ्या घ्या, त्यांतली एक कपाळाला बांधायची. अंथरूण-पांघरूण, मच्छरदाणी, शिट्टी, दोर, पट्टीचं सामान असं सगळं धरून साठ किलोच्या माणसाच्या पाठीवर बारा किलोंहून जास्त ओझं होऊ देऊ नका. हे सामान बांधून आधी एकदा वाघोबाच्या खिंडीतून काळदुर्ग चढून या. आणि एक रात्र घराच्या गच्चीवर त्याच अंथरुणावर झोपा. दिवा न लावता विजेरी, पाणी, पट्टी हाताला लागते का, तेही पाहा. गच्चीवर जे सापडत नाही, ते गुहेत मुळीच सापडायचं नाही.

मच्छरदाणीचं नाव ऐकून हसू नका. ती नुसती डासांसाठी नाही. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश दुखत नाही, दाताची खूण धड दिसतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, आणि माणूस म्हणतो, झोप झाली नाही. अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरचा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. दंश झालाच, तर चिरा देणं, दोरी आवळणं, मांत्रिक शोधणं यात वेळ घालवू नये. दंशाचा भाग हलू न देता दवाखाना गाठावा. त्यावर औषध एकच, ते म्हणजे सर्पविषाची प्रतिलस. सर्वांत जवळ ती कुठे मिळते, मनोरच्या ग्रामीण रुग्णालयात की पालघरला, याची चौकशी निघण्याआधी करून ठेवा. सकाळी बूट झटकल्यावाचून घालू नका, कारण आपल्या कोकणातला लाल विंचूही जिवावर उठतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवून दिलं आणि पुष्कळांचे प्राण वाचले. पण औषध दवाखान्यात असतं आणि तुम्ही गडावर असता, हे विसरू नका.

तिसरं काम थांबवणाऱ्याचं. हे सर्वांत अवघड, कारण आपणच आपल्याला थांबवायचं असतं, आणि थकलेल्या माणसाला हट्ट फार असतो. म्हणून नियम घरीच, डोकं थंड असताना, कागदावर लिहावेत. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा माझा नियम असा, की दुपारी चारला माथा गाठला नसेल तर जिथे असू तिथून परत. पाणी निम्म्यावर आलं आणि वाट निम्मी झाली नाही, तर परत. अंधारात चालायचं नाही. आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या मित्रांसाठी एक खास नियम सांगतो. रात्रपाळीनंतर एक पुरती झोप झाल्याशिवाय पाठीवर पिशवी चढवायची नाही.

चौथं काम खबर देणाऱ्याचं. घरच्यांच्या हाती चिठ्ठी द्या. कुठला गड, कुठल्या गावातून वाट, कुठे झोपणार, उद्या किती वाजता खाली येणार, आणि त्यानंतर किती तास वाट पाहून कुणाला कळवायचं, हे सगळं तीत लिहा. संकटकाळी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांकही लिहा. तुमच्या खिशात मोबाईल असेल, पण डोंगराच्या पोटात तो लागेलच असं नाही. चिठ्ठी मात्र घरच्यांच्या हातात असते. पायथ्याच्या पाड्यावरही एका घरी थांबा. आपलं नाव सांगा, रात्री वर राहायला हरकत नाही ना, हे विचारा आणि सकाळी उतरल्याचं सांगून जा. ही माणसं तो डोंगर रोज वापरतात. ती "आज नको" म्हणाली, तर कारण विचारत बसू नका, मुकाट्याने परत फिरा.

आता उरली भीती. ती वाटणारच. वारली बांधव लाकडावर किंवा दगडावर वाघ कोरतात, शेजारी चंद्र-सूर्य काढतात आणि त्याला देव मानतात. आपण ज्या रानात जातो त्याचा मालक दुसरा कुणी आहे, ही जाणीव त्यात आहे. या रानांत बिबट्या आजही आहे. तो बहुधा माणसाला टाळतो. अंधार पडल्यावर गवतात जायचं नाही, खरकटं उघडं ठेवायचं नाही, आणि समोर आलाच तर पळायचं नाही. ताठ उभं राहून, त्याच्याकडे पाठ न करता, हळूहळू मागे सरायचं. बाकी रात्रभर जे आवाज येतात, ते निम्मे पानांचे आणि उंदरांचे असतात. उरलेले आपल्याच छातीचे.

पहाटे कधीतरी डोळा लागतो. जाग येते तेव्हा खाली खोऱ्यात धुकं असतं आणि हमरस्त्यावरच्या गाड्यांची घरघर वर येत असते. त्या घटकेला माणसाला वाटतं, की आपण एकट्याने केलं. ते खरंच आहे. पण चिठ्ठी धरून बसलेली आई, पाड्यावर नाव लक्षात ठेवणारी मावशी, पहिल्या खेपेला वाट दाखवणारा मित्र, ही सगळी रात्रभर तुमच्या उशाशी होती. खाली उतरलात, की आधी पाड्यावर सांगा, मग घरी फोन करा. चहा त्यानंतर.