गाव हीच पाठशाळा



विद्यापीठ म्हटले की वर्ग, ग्रंथालय आणि परीक्षा एवढेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. आपल्या जिल्ह्यात मात्र याहून निराळी परंपरा रुजली आहे. १९३६ साली मुंबईत स्थापन झालेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८६ मध्ये तुळजापूर येथे आपले ग्रामीण केंद्र उभारले. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य, म्हणजेच प्रत्यक्ष वस्तीत जाऊन केलेले काम, हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो.

परप्रांतांतून आलेल्या विद्यार्थ्याला गावात प्रथम भाषा अडते. तो प्रश्नावली घेऊन भरदुपारी जातो, तेव्हा घराला कुलूप असते. माणसे खुरपणीला गेलेली असतात. मग तो सायंकाळी पारावर बसू लागतो, शिवारफेरी करतो आणि ग्रामस्थांकडूनच जमिनीवर गावाचा नकाशा काढून घेतो. पुरुष मंडळी देऊळ, शाळा व चावडी दाखवतात. स्त्रिया पाण्याची वाट दाखवतात. गाव एकच, परंतु नकाशे दोन! हा धडा वर्गातील फळ्यावर गिरवता येत नाही.

न विचारता केलेल्या योजनेचे काय होते, याचे उदाहरणही याच भूमीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे ठरली. ती भूकंपाला टिकतील अशी होती, ही मोठीच जमेची बाजू. परंतु शहरी वसाहतीप्रमाणे सरळ रेषेत आखलेल्या त्या घरांत गुरे, कडबा आणि औते यांची सोय राहिली नाही. पुष्कळ कुटुंबांनी पुढे पत्र्याच्या शेड उभारून ती उणीव स्वतःच भरून काढली. त्या शेडकडे पाहणाऱ्या विद्यार्थ्याला उमगते की, घर बांधण्यापूर्वी त्यात राहणाऱ्याला विचारणे हेही एक शास्त्र आहे.

मात्र या शिक्षणाचा जमाखर्चही मांडला पाहिजे. मजुरीवर पोट असणारी माऊली विद्यार्थ्यासमोर तासभर बसते, तेव्हा ती आपल्या कष्टाचा वेळ देते. विद्यार्थ्याला त्यातून गुण मिळतात, पदवी मिळते, पुढे नोकरीही मिळते. गावाच्या पदरी काय पडते? प्रकल्पाचा अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात बंद झाला, तर गावाचे देणे थकीतच राहिले म्हणायचे. तोच अहवाल सोप्या मराठीत ग्रामसभेत वाचला गेला, हातपंपाचा किंवा शिधापत्रिकेचा एखादा प्रश्न अर्जाच्या रूपाने कार्यालयापर्यंत पोहोचला, तर ते ऋण काही अंशी फिटते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजाशी जोडलेल्या प्रकल्पांना पदवी शिक्षणात स्थान दिले आहे. त्यामुळे यापुढे आपल्या गावात, पेठेत आणि दुकानांतही वही घेतलेले तरुण अधिक संख्येने येतील. त्यांना बसावयास आसन द्यावे, मोकळेपणाने खरी माहिती द्यावी आणि निरोप देताना एवढेच आवर्जून सांगावे, "बाळा, लिहून झाले की आम्हांला वाचून दाखवायला ये."