आत एक, बाहेर गाव
(परळच्या सभेतल्या भाषणाचा मजकूर)



आपण गिरणगावात बसलोय. इथून सात रस्ता फार लांब नाही, तिथं आर्थर रोडचा तुरुंग आहे. याच तुरुंगात १९६५ साली कॉम्रेड शामराव परुळेकर मरण पावले. डहाणू-तलासरीच्या वारल्यांची वेठ मोडायला गोदूताईंबरोबर उभा राहिलेला, १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर गेलेला हा माणूस. सरकारनं त्यांना स्थानबद्ध केलं होतं.

आता कायद्याची गंमत बघा. स्थानबद्ध माणसाला टपालानं मत देता येतं. पण ज्याच्यावर नुसता खटला चालू आहे, काही शाबीत झालेलं नाही, तो आत असला तर त्याला मत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५). सुप्रीम कोर्टानं १९९७ साली ते कायम ठेवलं. मात्र आत बसून निवडणूक लढवता येते! दक्षिण मुंबईत १९६७ ला स. का. पाटलांना पाडणारे जॉर्ज फर्नांडिस १९७७ ला तुरुंगातूनच मुझफ्फरपूरला निवडून आले. २०१३ साली कोर्टानं हे उभं राहणंही बंद केलं, तर त्याच वर्षी संसदेनं कायदा बदलून घेतला. पुढाऱ्यांच्या अंगावर आलं की किती चटकन हलतात बघा. कच्च्या कैद्याचं मत तसंच राहिलं.

आणि देशातल्या तुरुंगांत चारातले सुमारे तीन जण कच्चेच आहेत. आपला माणूस तिथं का अडकतो? जामीन मंजूर होतो, पण जामीनदार आणा म्हणतात, सातबारा आणा म्हणतात. अहो, सातबाऱ्यासाठीच तर भांडण आहे! जमीन नावावर नाही म्हणून जामीन नाही, आणि आत आहे म्हणून मत नाही.

तुरुंग एकाला होतो, पण घाबरतो अख्खा पाडा. नाव येईल म्हणून चार जण रानात राहतात, दोन पोरं वीटभट्टीवर निघून जातात. वनहक्काचा ठराव करायला ग्रामसभेत निम्मे सभासद हजर लागतात, हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. तेवढी माणसं जमली नाहीत की ठराव अडला. मतपेटीपेक्षा हा फटका आम्हाला मोठा वाटतो. त्यासाठी कोणाला कायदा बदलावा लागत नाही, दोन अटका पुरतात.

म्हणून लोक नेहमी गप्प बसलेत असं नाही. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा इथल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यांना कुठं मताचा हक्क होता? गिरणी बंद करायचं बळ होतं, ते त्यांनी वापरलं.

आता कामाचं. आत असलेल्याचं नाव तेवढ्या कारणानं मतदार यादीतून जात नाही. २०१३ च्या त्याच दुरुस्तीत ते लिहिलंय. जामिनावर सुटलेला मत देऊ शकतो, शिक्षा भोगून आलेलाही देऊ शकतो. 'तुझ्यावर केस आहे, तुझं मत गेलं' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नाव कापलं असेल तर सहा नंबरचा फॉर्म भरा. आणि वनहक्काचा दावा निकाली निघेपर्यंत जमिनीवरून हटवता येत नाही, हे आत असलेल्याच्या घरच्यांना जाऊन सांगा. ती बाई एकटी पडते, नोटीस तिच्याच हातात येते. येत्या ग्रामसभेत मतदार यादी मोठ्यानं वाचून घ्या, आत असलेल्यांची नावं आधी.